स्पॅनिशमधलं ‘केदार’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पॅनिश शिकायला लागून दोन-तीन महिने झाले की बऱ्याच जणांची गाडी एका क्रियापदापाशी अडते. रूपं सोपी, उच्चार त्याहून सोपा, पण शब्दकोश उघडला की अर्थ संपता संपत नाहीत. उरणे, थांबणे, भेट ठरवणे, अंगावर शोभणे, अमुक ठिकाणी असणे, आंधळा होणे, सुटे पैसे ठेवून घेणे. एकच क्रियापद इतकं सगळं कसं करतं? गोंधळाचं मोठं कारण म्हणजे आपण स्पॅनिश बहुतेक वेळा इंग्रजीतून शिकतो, आणि इंग्रजीत या एका शब्दासाठी डझनभर शब्द लागतात. मराठीत तेवढे लागत नाहीत. ‘राहणे’ हाताशी धरलं तर निम्मं काम होऊन जातं. उरलेल्या निम्म्यात फसगत कुठे होते, तेही खाली आलं आहे.

इथे स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिले आहेत. ज्या अक्षरावर जोर द्यायचा त्याच्यापुढे अवग्रह (ऽ) आहे. उच्चार साधारणपणे लॅटिन अमेरिकेतले धरले आहेत. स्पेनच्या बऱ्याच भागात काही ‘स’ ‘थ’सारखे ऐकू येतील.

उच्चार खरंच ‘केदार’ असा आहे का?

जवळजवळ. केदाऽर, जोर शेवटी. पहिल्या अक्षरात लिहिलेला ‘यू’ मुका असतो, त्यामुळे ‘क्वे’ म्हणायचं नाही. ‘द’ आपल्या ‘द’सारखाच दातांवरचा, फक्त दोन स्वरांच्या मध्ये आला की आणखी मऊ होतो, जीभ दातांना जेमतेम लागते. इंग्रजी वळणाचा ‘ड’ मात्र नको. वर्गात केदार नावाचा मुलगा असेल तर पहिला आठवडा हसण्यात जातो, त्याला इलाज नाही.

रूपं अनियमित आहेत का?

नाहीत, अगदी सरळ आहेत. वर्तमानकाळ: केऽदो, केऽदास, केऽदा, केदाऽमोस, केदाऽइस, केऽदान. साधा भूतकाळ: केदेऽ, केदाऽस्ते, केदोऽ, केदाऽमोस, केदाऽस्तेइस, केदाऽरोन.

सांभाळायचं ते जोराला. केऽदो म्हणजे ‘मी राहतो’ आणि केदोऽ म्हणजे ‘तो राहिला’. लिहिताना दुसऱ्यात शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ येते. व्हॉट्सअॅपवर स्पॅनिश लोक स्वतःच ती रेघ गाळतात आणि मग संदर्भावरून काय ते समजून घेतात. तुम्ही परीक्षेत गाळू नका.

या सगळ्या अर्थांच्या मुळाशी काय आहे?

लॅटिनमधलं ‘क्विएतारे’, म्हणजे शांत करणे. हालचाल थांबली, गडबड निवली, आणि त्यानंतर जे जसं राहिलं, ते सांगणारं हे क्रियापद. हा धागा धरला की अर्थ आपोआप लागत जातात. जेवणं झाल्यावर काय राहिलं? तीन पोळ्या. बोलणं झाल्यावर काय ठरलं? आठ वाजता भेटायचं. शिवून झाल्यावर सदरा कसा बसला? सैल.

याच घराण्यातले आणखी शब्द भेटतील. किएऽतो म्हणजे स्थिर, न हलणारा. केऽदो हे विशेषण किंवा क्रियाविशेषण म्हणून आलं तर ‘हळू आवाजात’. मेक्सिकोत लाडाने केदीऽतो म्हणतात. आणि बातम्यांमध्ये दिसणारं तोऽके दे केऽदा म्हणजे संचारबंदी. जुन्या गावांमध्ये रात्री ठरावीक वेळी घंटा वाजायची आणि ती वाजली की लोकांनी घरात जायचं. त्या वेळेला आणि त्या घंटेला ‘केऽदा’ म्हणत. चिलीमध्ये १९७३च्या लष्करी उठावानंतर या शब्दाने लोकांच्या कितीतरी रात्री व्यापल्या, आणि ऑक्टोबर २०१९मध्ये सान्तियागोत निदर्शनं पेटली तेव्हा तोच शब्द पुन्हा मथळ्यांत आला.

‘उरणे’ या अर्थी वाक्य कसं करायचं?

इथे मराठी माणसाला आयती सवलत आहे. इंग्रजीतून शिकणारा ‘माझ्याकडे आहे’ अशी रचना शोधत बसतो. स्पॅनिशमध्ये जी वस्तू उरली ती कर्ता, आणि ज्याची उरली तो ‘मला, तुला, त्याला’ अशा रूपात येतो.

केऽदा काफेऽ? – कॉफी उरलीय का?
केऽदान त्रेस उएऽबोस. – तीन अंडी उरलीत.
मे केऽदान दोस दीऽआस. – माझे दोन दिवस राहिलेत.
या नो केऽदान. – संपले. (मेक्सिकोत सकाळी तामाले विकणाऱ्याकडे उशिरा गेलात तर हेच ऐकाल.)

एक अंडं उरलं तर केऽदा, तीन उरली तर केऽदान. मराठीत ‘एक पोळी उरली, दोन पोळ्या उरल्या’ म्हणताना आपण जे न शिकता करतो तेच इथे करायचं. तरीही वर्गात ‘मे केऽदो दोस दीऽआस’ असं हमखास ऐकू येतं, कारण डोक्यात ‘मी’ बसलेला असतो. राहिलेत ते दिवस, मी नव्हे.

स्पेनमधल्या शाळकरी मुलांचं एक वाक्य मला फार आवडतं. मे आन केदाऽदो दोस. शब्दशः ‘माझे दोन राहिले’. म्हणजे काय, हे मराठी विद्यार्थ्याला समजावून सांगावं लागत नाही: दोन विषयांत नापास. फेरपरीक्षा बराच काळ सप्टेंबरात होत असल्यामुळे ‘सप्टेंबरसाठी दोन राहिले’ असंही म्हणत. इंग्रजी माध्यमातून हे वाक्य शिकवताना तळटीप द्यावी लागते. आपल्याकडे ‘गणित राहिलं रे’ एवढं म्हटलं की घरात काय होणार ते सगळ्यांना ठाऊक असतं.

मग ‘फाल्ताऽर’ आणि ‘केदाऽर’ यांत फरक काय?

केदाऽर जे आहे ते मोजतं, फाल्ताऽर जे नाही ते. केऽदान दोस सीऽयास म्हणजे दोन खुर्च्या शिल्लक आहेत, बसा. फाऽल्तान दोस सीऽयास म्हणजे दोन खुर्च्या कमी पडताहेत, शेजारून आणा. वेळेच्या बाबतीत दोन्ही चालतात. गाडीत मागे बसलेलं पोर दर दहा मिनिटांनी केऽदा मूऽचो? विचारेल किंवा कुआऽन्तो फाऽल्ता? विचारेल, दोन्हीचा अर्थ ‘अजून किती राहिलं?’ असाच.

‘करायचं राहिलंय’ हे कसं म्हणायचं?

केदाऽर पोर आणि पुढे मूळ क्रियापद. केऽदा मूऽचो पोर आसेऽर – बरंच करायचं राहिलंय. केऽदान त्रेस काऽर्तास पोर एस्क्रिबीऽर – तीन पत्रं लिहायची राहिलीत. एवढंच.

भेट ठरवायला हेच क्रियापद का वापरतात? नक्की कसं?

स्पेनमध्ये कोणाशी मैत्री करायची असेल तर हा वापर पहिल्यांदा शिका. माद्रिदमधल्या दोन मैत्रिणींचं फोनवरचं बोलणं बघा:

– केदाऽमोस एल साऽबादो?
(शनिवारी भेटायचं का गं?)
– एल साऽबादो नो पुएऽदो, ए केदाऽदो कोन मिस प्रीऽमास.
(शनिवारी नाही जमणार, माझं चुलतबहिणींबरोबर ठरलंय.)
– पुएस एल दोमीऽन्गो.
(मग रविवारी.)
– बाऽले. आ के ओऽरा केदाऽमोस?
(चालेल. किती वाजता भेटू या?)
– आ लास ओऽचो, एन एल ओऽसो.
(आठला, अस्वलापाशी.)

अस्वल म्हणजे पुएर्ता देल सोल चौकातला झाडाला बिलगलेल्या अस्वलाचा पुतळा. शहराच्या चिन्हावर तेच आहे, आणि माद्रिदकर एकमेकांची वाट बघत तिथे उभे असतात. या संभाषणात ‘भेटणे’ या अर्थाचं दुसरं क्रियापद एकदाही आलेलं नाही. तीन वेळा फक्त केदाऽर.

त्यातलं ए केदाऽदो फार कामाचं आहे. कुणी बोलावलं आणि जायचं नसलं तर नो पुएऽदो, ए केदाऽदो एवढं पुरतं. कोणाबरोबर, कुठे, हे सांगायची गरज नाही आणि समोरचाही सहसा विचारत नाही. मराठीत मात्र ‘माझं ठरलंय’ एवढंच म्हणून थांबलात तर लोक पेढे मागतील.

‘केदाऽमोस आ लास ओऽचो’ म्हणजे ‘आठला भेटू’ की ‘आठला भेटायचं ठरलं होतं’?

दोन्ही. ‘आम्ही’चं रूप वर्तमानात आणि साध्या भूतकाळात एकच असल्याने हा घोळ होतो. स्पेनमध्ये आधीच ठरलेल्या गोष्टीसाठी एऽमोस केदाऽदो म्हणतात, त्यामुळे तिथे प्रश्न सुटतो. लॅटिन अमेरिकेत संदर्भ बघायचा.

‘केदाऽर कोन’, ‘केदाऽर एन’, ‘केदाऽर दे’ यांचं काय?

कोन म्हणजे माणूस: केदाऽर कोन आऽना, आनाबरोबर भेट ठरवणे. एन म्हणजे ठरलेली गोष्ट: केदाऽमोस एन के तू पागाऽबास, पैसे तू देणार असं ठरलं होतं. मेक्सिकोत आणि अमेरिकेतल्या इतर काही देशांत ‘एन’च्या जागी दे येतं: केदाऽमोस दे बेऽर्नोस आ लास ओऽचो. दोन्ही बरोबर, ज्या देशाचं ऐकता त्या देशाचं उचला. आर्जेन्टिना आणि चिलीत नुसतं भेटायचं असेल तर नोस हुन्ताऽमोस, म्हणजे ‘जमू या’, जास्त कानावर येतं. तिथे स्पेनसारखं केदाऽमोस? म्हटलंत तर अर्थ कळेल, पण तुम्ही माद्रिदमध्ये शिकलात हेही कळेल.

आणखी एक: एन के केदाऽमोस? सरळ अर्थ ‘मग काय ठरलं?’ पण समोरचा क्षणात हो आणि क्षणात नाही म्हणत असेल तर हाच प्रश्न कपाळाला आठ्या घालून विचारतात. ‘अरे, एक काय ते नक्की सांग!’

रस्ता विचारताना ‘दोऽन्दे केऽदा’ बरोबर की ‘दोऽन्दे एस्ताऽ’?

दोन्ही. बोगोता, लिमा, मेक्सिको सिटी इथे दोऽन्दे केऽदा ला एस्तासिओऽन? सर्रास ऐकाल. स्पेनमध्ये एस्ताऽ जास्त. अट एकच: विचारलेली गोष्ट जागची हलणारी नको. स्टेशन, गाव, दवाखाना यांना केऽदा चालतं. मांजर, मोबाइल, नवरा यांच्यासाठी एस्ताऽच.

अंतर सांगताना मराठी पुन्हा मदतीला येतं, या वेळी ‘पडणे’ घेऊन. मे केऽदा लेऽहोस – मला लांब पडतं. मे केऽदा सेऽर्का – मला जवळ पडतं. ‘मला’सुद्धा जागच्या जागी.

कपड्यांच्या दुकानात हे क्रियापद सारखं ऐकू येतं. तिथे काय अर्थ?

अंगावर कसं बसतं ते. कपडे घालून बघायच्या खोलीतून डोकं बाहेर काढून विचारायचं: कोऽमो मे केऽदा? कसा दिसतोय मला? उत्तरं ठरलेली. ते केऽदा बिएऽन – छान दिसतोय. ते केऽदा ग्राऽन्दे – मोठा होतोय. बूट चावत असतील तर मे केऽदान चीऽकोस. स्पेनमध्ये ‘चीऽकोस’ऐवजी पेकेऽन्योस. सदरा एक म्हणून केऽदा, बूट दोन म्हणून केऽदान. विक्रेत्याला नको असलेलं खरं सांगायचं तर नो मे केऽदा बिएऽन, आणि आवडला तर मे केऽदो कोन एऽस्ते, ‘हा घेतो मी’. एकाच दुकानात, पाच मिनिटांत, दोन वेगळे केदाऽर.

‘मोठा होतो’ माणसाच्या कामालाही लावतात. एल काऽर्गो ले केऽदा ग्राऽन्दे – ते पद त्याला झेपत नाही. राजकारण्यांबद्दल बोलताना उपयोगी पडतं, कुठल्याही देशात.

स्वयंपाकाचं कौतुक कसं करायचं?

ते केदोऽ रिकीऽसिमो! मेक्सिकोतल्या घरात जेवायला बसलात तर पहिल्या घासानंतर हे वाक्य आलंच पाहिजे. अर्थ ‘झकास झालंय’, पण त्यातला ‘ते’ कौतुकाचं माप करणाऱ्याच्या पदरात टाकतो. पदार्थ बरा झाला एवढंच नव्हे, तुमच्या हातून बरा झाला. बिघडलं तरी रचना तीच: ला सोऽपा केदोऽ सालाऽदा, सूप खारट झालं. इथे ‘मे’ घालून मे केदोऽ सालाऽदा म्हटलं की ‘माझ्या हातून जरा खारट झालं’ अशी कबुली होते, आणि पाहुण्याला ‘नाही हो, छान आहे’ म्हणायची सोय होते.

सामन्यांचे निकालही असेच सांगतात. कतारमध्ये १८ डिसेंबर २०२२ला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला तेव्हा आर्जेन्टिना आणि फ्रान्स जादा वेळेनंतर केदाऽरोन त्रेस आ त्रेस, तीन-तीन असे बरोबरीत राहिले. मग पेनल्टी झाल्या आणि फ्राऽन्सिया केदोऽ सेगुऽन्दा, फ्रान्स दुसरं आलं.

‘केदाऽर’ आणि ‘केदाऽर्से’ यांत गोंधळ होतो. सोपी खूण आहे का?

माणूस जागा सोडत नसेल तर से लावा (कर्त्याप्रमाणे त्याचं मे, ते, नोस होतं). मे केऽदो एन काऽसा – मी घरीच थांबतो. नोस केदाऽमोस त्रेस दीऽआस एन सेबीऽया – आम्ही सेविलात तीन दिवस राहिलो. उरणे, ठरणे, अंतर, कपडे, निकाल यांना से नको. ‘कोन’बरोबर मात्र एका से ने अर्थ पालटतो: केदाऽर कोन आऽल्गो (आऽल्गो म्हणजे ‘काहीतरी’) असं नुसतं होत नाही, वस्तू ठेवून घ्यायची तर केदाऽर्से कोन, आणि माणसाला भेटायचं तर से शिवाय.

अवस्था बदलण्याच्या वाक्यांत स्पेन से लावतं, लॅटिन अमेरिकेत पुष्कळदा गाळतात. तिथे फार डोकं लावू नका.

‘होणे’साठी स्पॅनिशमध्ये चार-पाच क्रियापदं आहेत. केदाऽर्से कधी?

काहीतरी घडून गेल्यावर माणूस ज्या अवस्थेत राहतो ती सांगायची असेल तेव्हा. बहुतेक वेळा त्यात काहीतरी गमावलेलं असतं: से केदोऽ सिएऽगो (आंधळा झाला), सोऽर्दो (बहिरा), काऽल्बो (टक्कल पडलं), से केदोऽ बिउऽदा (विधवा झाली), से केदोऽ सिन त्राबाऽहो (नोकरी गेली). घटकाभर लाल होणं, घाबरणं हे पोनेऽर्से कडे. वेडा होणं बोल्बेऽर्से कडे. डॉक्टर होणं आसेऽर्से कडे.

गमावण्याचा नियम मोडणारं सगळ्यात नेहमीचं वाक्य म्हणजे से केदोऽ एम्बारासाऽदा. गरोदर राहिली. ‘दिवस राहिले’ म्हणणाऱ्या भाषेला यात नवल वाटायचं कारण नाही. मात्र इंग्रजीतल्या मिळत्याजुळत्या शब्दावर विसंबून ‘मला ओशाळल्यासारखं झालं’ सांगायला जाल तर भलतीच बातमी पसरेल.

मे केदेऽ दोर्मीऽदो म्हणजे डोळा लागला. सकाळी ऑफिसात उशिरा पोचल्यावर तेच ‘जाग आली नाही’ या अर्थी. मे केदेऽ एन ब्लाऽन्को म्हणजे परीक्षेत सगळं पुसलं गेलं. मे केदेऽ दे पिएऽद्रा म्हणजे ऐकून दगडच झालो.

‘बघतच राहिला’ हे स्पॅनिशमध्ये म्हणता येतं का?

शब्दाला शब्द. से केदोऽ मिराऽन्दो.

म्हणजे ‘राहणे’ दिसलं की ‘केदाऽर’ लावायचं, असं समजू का?

नको. तीन ठिकाणी फसाल.

एक, ‘मी पुण्यात राहतो’. घर, पत्ता, वास्तव्य असेल तर बीऽबो एन पुऽने. मे केऽदो एन पुऽने म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल की बाकीचे कुठेतरी निघालेत आणि तुम्ही मागे थांबताय. नवशिक्या मराठी विद्यार्थ्यांची ही सर्वांत नेहमीची चूक.

दोन, ‘तो बोलतच राहिला’. थांबायला सांगूनही चालू ठेवणं असेल तर सिगिओऽ आब्लाऽन्दो. केदाऽर्सेमध्ये जागेवर खिळून राहणं असतं, त्यामुळे बघत, विचार करत, वाट बघत राहण्याला ते शोभतं. बडबडीला तितकंसं नाही. से केदोऽ आब्लाऽन्दो म्हटलं तर तो मागे थांबून बोलत बसला असं चित्र उभं राहतं.

तीन, ‘राहू दे’. ‘जाऊ दे, सोड’ अशा अर्थी असेल तर देऽहालो. पण सुटे पैसे राहू देत म्हणायचं तर पुन्हा केदाऽर्से: केऽदेसे कोन एल काऽम्बिओ. दक्षिण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ‘काऽम्बिओ’च्या जागी बुएऽल्तो. आणि गुपित सांगून झाल्यावर ‘हे आपल्यातच राहू दे’ म्हणायचं असेल तर के केऽदे एऽन्त्रे नोसोऽत्रोस. त्या वाक्यानंतर ते किती वेळ आपल्यात राहतं, हा भाग स्पेनमध्ये आणि सदाशिव पेठेत सारखाच.

‘थांब’ कसं म्हणायचं?

मित्राला केऽदाते, मोठ्या किंवा अनोळखी माणसाला केऽदेसे, अनेकांना केऽदेन्से. स्पेनमध्ये मित्रमंडळींना केदाऽओस. ‘थांबू नकोस’ असेल तर नो ते केऽदेस.

स्पेनमध्ये १४ मार्च २०२०ला आणीबाणीची स्थिती जाहीर झाली, तेव्हा केऽदाते एन काऽसा, ‘घरीच थांबा’, हा मजकूर टीव्हीच्या कोपऱ्यात आणि फोनच्या पडद्यावर जिकडेतिकडे होता. ब्युनोस आयर्समध्ये घोषणा तीच, पण जोर एक अक्षर पुढे: केदाऽते. तिथे ‘तू’साठी वेगळं सर्वनाम चालतं आणि त्याचं आज्ञार्थी रूप असं होतं. लिहिताना फरक फक्त एका तिरक्या रेघेचा.

पाट्यांवर ‘केऽदा प्रोइबीऽदो’ असतं. तिथे ‘आहे’ का नाही लिहीत?

केऽदा लिहिलं की हुकूम त्या शब्दांनीच लागू होतो: आत्तापासून हे असं राहील. केऽदा प्रोइबीऽदो फुमाऽर, धूम्रपानास मनाई आहे. पोलीस केऽदा उस्तेऽद देतेनीऽदो म्हणाला की त्या क्षणी अटक झाली. उद्घाटनाच्या फितीलाही हेच. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याला धरणांचं भारी वेड होतं; केऽदा इनाउगुराऽदो एऽस्ते पान्ताऽनो, ‘या धरणाचं उद्घाटन झालं असं जाहीर करतो’, हे वाक्य त्याच्या नकलेत अजून येतं. घरात नवा मिक्सर काढला तरी कुणीतरी धरणाच्या जागी मिक्सर घालून ते म्हणतं.

‘केदाऽर बिएऽन’ आणि ‘केदाऽर माल’?

लोकांच्या मनात तुमच्याविषयी काय राहतं ते. सासूकडे पहिल्यांदा जाताना मिठाई नेली तर केऽदास बिएऽन. रिकाम्या हाताने गेलात, किंवा येतो म्हणून गेलाच नाहीत, तर केऽदास माल. भर सभेत फजिती झाली तर केदाऽर एन रिदीऽकुलो.

घरात थोडं पोर्तुगीज ऐकलेलं आहे. गोव्यातल्यांना त्याचा फायदा होतो का?

चांगलाच. पोर्तुगीजमध्ये हे काम ‘फिकार’ करतं: थांबणं, अमुक ठिकाणी असणं, अंगावर शोभणं, गरोदर राहणं, सगळं. म्हाताऱ्या आजी-आजोबांच्या तोंडचं फिकार जिथे चपखल बसतं तिथे बहुधा केदाऽर बसेल. दोन खड्डे सांगून ठेवतो. पोर्तुगीज ‘केदा’ हे नाम म्हणजे पडणं, पतन. स्पॅनिश केऽदाशी त्याचा अर्थ जुळत नाही. आणि ब्राझीलमध्ये कोणाबरोबर ‘फिकार’ म्हणजे एका संध्याकाळपुरतं प्रेमप्रकरण; ते वाक्य स्पॅनिशमध्ये नेऊन केदाऽर कोन केलंत तर तुमचा किस्सा नुसता कॉफीपुरता उरेल.

देश बदलला की अर्थ बदलतो, अशी कुठली उदाहरणं जपून वापरावीत?

केदाऽदा. स्पेनमध्ये ठरवून जमणं, कट्टा, म्हणजे सायकलवाल्यांची केदाऽदा, फोटोग्राफरांची केदाऽदा. मेक्सिकोत तोच शब्द लग्न न झालेल्या, ‘राहिलेल्या’ बाईला हिणवायला वापरतात. माद्रिदमधलं आमंत्रण तसंच्या तसं मेक्सिकोतल्या मैत्रिणीला पाठवू नका.

ते एस्ताऽस केदाऽन्दो कोन्मीऽगो? स्पेनमध्ये याचा अर्थ ‘माझी फिरकी घेतोयस का?’ वस्तू ठेवून घेण्याचा अर्थ इथे लावत बसलात तर फिरकी पूर्ण होईल.

आणि लेओन, सालामान्का, एस्त्रेमादुरा अशा पश्चिम स्पेनच्या भागात गेलात तर केदेऽ लास याऽबेस एन काऽसा ऐकू येईल: किल्ल्या घरी ठेवल्या, विसरल्या. प्रमाण स्पॅनिशमध्ये इथे देहाऽर हवं, आणि शिक्षक ही चूक धरतात. तिथले लोक मात्र पिढ्यान्‌पिढ्या असंच बोलत आलेत. आपणही ‘माझ्या किल्ल्या घरीच राहिल्या’ म्हणतोच की. प्रमाण भाषेत तसं म्हणायचं असेल तर से मे केदाऽरोन लास याऽबेस एन काऽसा म्हणा. चूक किल्ल्यांची होते आणि व्याकरण शाबूत राहतं.

परीक्षेसाठी यातलं किती लागेल?

देले या स्पॅनिशच्या अधिकृत परीक्षेच्या पहिल्या दोन पातळ्यांना भेट ठरवणं, कपडे, रस्ता, ‘उरणे’ आणि ‘थांबणे’ एवढं पक्कं करा. अवस्था बदलणारं केदाऽर्से मधल्या पातळ्यांवर छळतं. धरण, फिरकी आणि किल्ल्या कोणी विचारणार नाही.

वाक्प्रचार कुठले पाठ करावेत?

नो मे केऽदा ओऽत्रा, ‘दुसरा इलाजच राहिला नाही’, हा रोज लागतो. मे केदेऽ कोन लास गाऽनास, ‘इच्छा राहूनच गेली’, हा आठवड्यातून एकदा. मे केऽदा क्लाऽरो, ‘कळलं, स्पष्ट झालं’, ऑफिसात. केदाऽर्से पाऽरा बेस्तीऽर साऽन्तोस, म्हणजे ‘देवळातल्या संतांच्या मूर्तींना कपडे नेसवायला मागे राहणे’, हा ऐकून ठेवा, वापरू नका. लग्न न झालेल्या बाईबद्दल जुन्या पिढीतल्या मावश्या तो म्हणतात, आणि आजच्या मुली त्यावर उत्तर देतात की संतांना निदान नेसवल्यावर निमूट उभं तरी राहता येतं.